वणीच्या रस्त्यावर अनोळखी माणूस कोसळला तर: बाईकस्वारांनी काय करायचे, कायदा काय म्हणतो

नाशिकहून दिंडोरीमार्गे वणी, पुढे नांदुरीचा घाट किंवा सापुतारा. पावसाळा लागला की हा रस्ता आपल्या पोरांचाही रविवारचा ठरलेला रस्ता होतो. जुन्या नाशकातून, वडाळ्यातून फजरनंतर बाईक निघतात. मालेगावकडची मंडळी देवळा-कळवणमार्गे येतात. शहरातल्या सायकलवाल्यांचीही याच बाजूला वर्दळ असते. रस्ता सुंदर आहे, पण साधा नाही. हंगामात द्राक्षाचे आणि टोमॅटोचे पिकअप पिंपळगावच्या दिशेने सुसाट जातात, ट्रॅक्टरला मागचा दिवा नसतो आणि नवरात्रात, चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेले हजारो भाविक रात्रंदिवस रस्त्याच्या कडेने चालत असतात. जुलै २०२३ मध्ये गडाच्या घाटात खामगाव आगाराची एसटी दरीत कोसळली आणि एका महिलेचा मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये दिंडोरी-वणी रस्त्यावर कार आणि मोटारसायकलच्या धडकेत सात जण गेले.

अशा रस्त्यावर नेहमी फिरणाऱ्या माणसाला कधी ना कधी कडेला पडलेला कुणीतरी दिसतोच. तेव्हा डोक्यात पहिला प्रश्न येतो तो उपचाराचा नसतो. थांबू की नको, हा तो प्रश्न. आणि आपल्या समाजातल्या तरुणाच्या मनात त्याला आणखी एक पदर असतो, तो आम्ही लपवणार नाही: 'आपण थांबलो, माणूस दगावला, गर्दी जमली आणि कुणी नाव विचारलं तर?' ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून या लेखात आम्ही दोन्ही गोष्टी घेतल्या आहेत. त्या पाच-दहा मिनिटांत हातांनी काय करायचे, आणि नंतर पोलीस, दवाखाना, गर्दी यांच्यापुढे आपली बाजू काय.

आधी भीतीचे बोलू

रस्त्यावर मदत न करण्याची सवय एकट्या कुठल्या समाजाची नाही. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये देशातल्या मोठ्या शहरांत पाहणी केली, तेव्हा चौघांपैकी तिघांनी सांगितले की गंभीर जखमीला मदत करायला आपण पुढे जाण्याची शक्यता कमी आहे. कारण बहुतेकांचे एकच. पोलिसांचे प्रश्न आणि कोर्टाचे हेलपाटे. ही संस्था पीयूष तिवारी यांनी २००८ मध्ये सुरू केली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा शाळकरी भाऊ दिल्लीत रस्त्यावर जखमी होऊन पडला होता, लोक बघत होते, पण वेळेत कुणी उचलले नाही. संस्थेने सुप्रीम कोर्टात याचिका केली. केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी कोर्टाने त्या देशभर बंधनकारक केल्या. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले आणि त्याखालचे नियम सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले.

त्या कलमाचा अर्थ साध्या भाषेत असा. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला तुम्ही चांगल्या नियतीने, स्वतःहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत केली आणि त्यात तुमच्या हातून काही चुकले, अगदी माणूस दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. पोलीस तुम्हाला नाव, पत्ता, फोन नंबर सांगायला भाग पाडू शकत नाहीत. सांगायचे की नाही, ही तुमची मर्जी. दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, आणि तुम्ही नातेवाईक नसाल तर भरतीचे पैसे तुमच्याकडे मागू शकत नाही.

आता आपल्या वाचकांनी पाठच करून ठेवावी अशी ओळ. २०२० च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की मदत करणाऱ्याला धर्म, राष्ट्रीयत्व, जात किंवा लिंग यावरून कुठलाही भेदभाव न करता सन्मानाने वागवले पाहिजे. हे सभेतले भाषण नाही, नियमातला मजकूर आहे. मदत करणाऱ्याचे हक्क सांगणारा फलक प्रत्येक सरकारी आणि खासगी दवाखान्याने दर्शनी जागी, स्थानिक भाषेतही, लावायचा आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर तो शोधा. दिसला नाही तर विचारा.

पोलिसांना जबाब द्यायला तुम्ही स्वतःहून तयार झालात, तरी त्यालाही पद्धत ठरलेली आहे. जबाब एकदाच घ्यायचा. तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी, म्हणजे घरी किंवा कामाच्या ठिकाणी, आणि तिथे येणारा अधिकारी साध्या कपड्यात असला पाहिजे. मोहल्ल्यात खाकी वर्दी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी काय कुजबुज होते हे आपल्याला ठाऊक आहे. नियम करणाऱ्यांनाही ते ठाऊक असावे.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. अपघातात तुमची स्वतःची गाडी गुंतलेली असेल, तर तुम्ही या कलमातले मदतकर्ते ठरत नाही. आणि हे कलम फक्त मोटार वाहनाच्या अपघातापुरते आहे. चढावर सायकलस्वाराच्या छातीत कळ येऊन तो पडला, पायी जाणाऱ्या भाविकाला फीट आली, शेताच्या बांधावर कुणाला साप चावला, तर कलम १३४अ शब्दशः लागू होत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम ३० आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ते कलम ९२ होते. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्‌हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते. म्हणजे इथेही तुम्ही उघड्यावर नाही. फक्त रस्ता अपघातासाठी जेवढे तपशीलवार नियम आहेत तेवढे इथे नाहीत.

कागदावर हे सगळे ठीक, पण घाटात जमलेल्या वीस माणसांना कलम माहीत नसते. त्यावर आमचा सल्ला व्यवहारी आहे. पहिला फोन लगेच करा. त्या फोनची वेळ हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. एकटे असाल तर आणखी एका गाडीला हात करून थांबवा, शक्य असेल तर कुटुंबासोबतच्या माणसाला किंवा गावातल्या कुणाला. तुमची बाईक धडकेच्या जागेपासून थोडी लांब, इंडिकेटर चालू ठेवून लावा. जागेचा एक लांबून फोटो घ्या, त्यात तुमची गाडी धड उभी दिसू द्या. जखमीच्या चेहऱ्याचा फोटो किंवा व्हिडिओ काढू नका, कुणी काढत असेल तर अडवा. जखमीचे पाकीट, दागिने, फोन यांना एकट्याने हात लावू नका, दुसरा माणूस बघत असताना लावा. आणि नाव लपवण्याचा हक्क असला तरी आम्हाला वाटते की नाव सांगावे. आपण घाबरून निघून गेलो की त्या गर्दीच्या लक्षात फक्त 'कोणीतरी दोघं बाईकवरून पळाले' एवढेच राहते.

फोनवर 'वणी' एवढेच सांगू नका

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ पासून सुरू आहे. ९३७ रुग्णवाहिका घेऊन ती उभी राहिली. त्यात २३३ गाड्या अतिदक्षतेची साधने असलेल्या आणि ७०४ प्राथमिक उपचाराच्या होत्या. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. पण फोन जातो तो पुण्यातल्या नियंत्रण कक्षात, वणीच्या चौकात नाही. फोन उचलणाऱ्याला तुमचा परिसर माहीत असण्याचे कारण नाही.

इथे एक मोठी गडबड होऊ शकते. महाराष्ट्रात वणी एकच नाही. यवतमाळ जिल्ह्यात वणी नावाचे तालुक्याचे मोठे गाव आहे. घाईघाईत 'वणीजवळ अपघात झालाय' एवढेच बोललात तर समोरच्याला आधी ते वणी आठवू शकते. म्हणून सुरुवातच अशी करा: 'जिल्हा नाशिक, तालुका दिंडोरी, वणी.' नांदुरीच्या पुढे घाटात किंवा गडावर असाल तर तालुका कळवण सांगा, कारण गड कळवण तालुक्यात येतो. मग रस्ता: 'वणीहून नांदुरीकडे जाताना', 'सापुताऱ्याकडून वणीकडे येताना'. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, ढाब्याचे किंवा पेट्रोल पंपाचे नाव, काहीच नसेल तर विजेच्या खांबावरचा नंबर. मोबाइलच्या नकाशात आपल्या जागेवर बोट दाबून धरले की आकडे दिसतात, तेही वाचून दाखवा. त्यानंतर किती माणसे, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का. समोरचा 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका, आणि नंतर तो फोन मोकळा ठेवा, गाडीचा चालक त्याच नंबरवर तुम्हाला शोधणार असतो.

सापुताऱ्याच्या बाजूला मोबाइल गुजरातचा टॉवर पकडू शकतो. मग १०८ लावला तरी फोन गुजरातच्या सेवेकडे जाऊ शकतो. घाबरू नका, त्यांनाही तीच माहिती द्या, फक्त 'महाराष्ट्र' हा शब्द आधी उच्चारा. पोलिसांची गरज असेल, रस्ता अडला असेल, गर्दी भडकते आहे असे वाटले, तर ११२. हद्द वणी पोलीस ठाण्याची की कळवणची, याचा विचार तुम्ही करत बसायची गरज नाही.

घाटात काही वळणांवर रेंज येत नाही. दोघे असाल तर एकाने जखमीजवळ थांबायचे, दुसऱ्याने रेंज मिळेपर्यंत पुढे जायचे आणि फोन करून परत यायचे. परत येणे महत्त्वाचे आहे.

श्वास बघा, बाकी नंतर

जवळ जाण्याआधी रस्ता बघा. वळणावर वाकून बसलेला मदतकर्ता हाच पुढच्या पिकअपखाली येतो. दोन्ही बाजूंना पन्नासेक पावलांवर कुणालातरी उभे करा. रात्र असेल तर मोबाइलची टॉर्च हलवायला लावा.

मग खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. दादा, मावशी, काका, काहीही. उत्तर नाही, छाती हलत नाही, किंवा मधूनच मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा आचका देतोय, तर हृदय बंद पडले आहे असे धरून चाला. या आचक्यांना लोक 'श्वास चालू आहे' समजतात आणि इथेच माणूस हातचा जातो. तो श्वास नाही.

आता छाती दाबायची, म्हणजे सीपीआर. माणसाला कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध, दोन्ही स्तनाग्रांच्या मध्ये, एका तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर. कोपरे सरळ. आपल्या अंगाचे वजन टाकून छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके दाबा आणि पूर्ण वर येऊ द्या. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. तोंडाने श्वास द्यायचे शिकलेले नसाल तर देऊ नका, नुसते दाबत राहा. दोन मिनिटांत दमायला होते, म्हणून माणसे बदला, पण बदलताना खंड पडू देऊ नका. बरगडी मोडल्यासारखा आवाज आला तरी थांबायचे नाही. बरगडी जुळते.

वेळेचे गणित निर्दय आहे. हृदय थांबल्यावर काहीच केले नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. रुग्णवाहिका कितीही वेगाने निघाली तरी वणी आणि नांदुरीच्या मधल्या एखाद्या वळणावर ती एवढ्यात पोहोचत नाही. त्या मिनिटांत त्या माणसाजवळ तुमच्याशिवाय कुणी नसते.

व्यायाम करणाऱ्याला हे होत नाही, असा एक समज आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेची आडवी सायकल शर्यत, 'रेस अक्रॉस अमेरिका', दोघांच्या संघाने पूर्ण केली. ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यानंतर नाशकात सायकलचे वेड वाढले. त्याच डॉ. हितेंद्र यांचे २०२१ मध्ये हृदयविकाराने निधन झाले. सायकलमुळे हृदय बिघडते असा याचा अर्थ काढू नका. कोसळलेला माणूस तंदुरुस्त दिसतोय, अंगावर सायकलचे कपडे आहेत, म्हणून 'चक्कर आली असेल, पाणी मारा' म्हणत वेळ घालवू नका, एवढेच आमचे म्हणणे.

माणूस शुद्धीवर आहे पण छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम, मळमळ, असे असेल तर हृदयविकाराचा झटका समजा. त्याला चालवू नका. झाडाखाली अर्धवट बसवा, हेल्मेट आणि जॅकेट सैल करा. अ‍ॅस्पिरिनची गोळी मिळाली, आणि त्याला तिची अ‍ॅलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल, तर तीनशे मिलिग्रॅम चावून खायला द्या. 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पाजणे ही आपल्याकडची जुनी चूक. वणीत ग्रामीण रुग्णालय आहे, पण हृदयाची रक्तवाहिनी उघडण्याची सोय नाशिकलाच, साधारण ४५ किलोमीटरवर. म्हणून १०८ वर बोलताना 'छातीत दुखतंय' हे शब्द पहिल्या वाक्यातच आले पाहिजेत.

उपवास, रोजा आणि साखर

गडाच्या वाटेवर नवरात्रात अनवाणी, उपवास धरून चालणारे असतात. रमजानमध्ये आपल्यातलेच कुणी रोजा ठेवून मोटारसायकलवर लांबचा पल्ला मारत असतात. दोघांमध्येही मधुमेहाचे रुग्ण असतात आणि दोघांनाही साखर उतरण्याचा धोका सारखाच. हात थरथरणे, थंडगार घाम, असंबद्ध बोलणे, दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाणे. म्हणूनच लोक 'पिऊन पडलाय' म्हणत पुढे जातात. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर साखरेचे पाणी, गूळ, गोड चहा, काहीही गोड द्या. पंधरा मिनिटांत फरक पडला पाहिजे. नाही पडला तर दवाखाना. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही, ते फुप्फुसात जाते. समोरचा रोजेदार आहे आणि 'मगरिबपर्यंत थांबतो' म्हणतोय, तर त्याला सांगा की आजारी माणसाला शरियतने सवलत दिलेली आहे, कजा रोजा नंतर ठेवता येतो. उपवासवाल्या भाविकाला हे आपण सांगून पटेलच असे नाही. त्याच्या सोबतच्या बाईमाणसाला सांगा, त्या ऐकवतात.

एप्रिल-मेच्या उन्हात अंग तापून लाल झाले, माणूस बडबडायला लागला, तर उष्माघात. सावली, कपडे सैल, मान-काख-जांघेत ओली फडकी, वारा. आणि ताबडतोब दवाखाना.

फीट आली तर बूट हुंगवू नका, कांदा नको, दातांत चमचा नको, हातपाय दाबून धरणे नको. डोक्याखाली जॅकेट ठेवा, आजूबाजूचे दगड बाजूला करा, घड्याळ बघा. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले किंवा लगेच पुन्हा आले तर १०८.

साप चावला तर दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, भगताकडे नेऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि सरळ सरकारी दवाखाना, लस तिथे मिळते. सापाला शोधत, मारत वेळ घालवण्याची काही गरज नाही.

अपघातातला जखमी

रक्त वाहते आहे तिथे स्वच्छ कापड, रुमाल, ओढणी, जे असेल ते ठेवून जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे. आत काही घुसलेले असेल, लोखंड किंवा लाकूड, तर ते उपसू नका. हळद, डिझेल, कॉफी पावडर जखमेत घालू नका.

हेल्मेटचा प्रश्न वाचकांना नेहमी पडतो. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट तसेच राहू द्या, फक्त काच वर करा. श्वास नसेल, उलटी अडकली असेल, तर काढावेच लागते. तेव्हा एकाने मान आणि जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, दुसऱ्याने हेल्मेट हळूच मागे ओढायचे.

आणि ती आपली जुनी पद्धत: जखमीला बाईकवर मध्ये बसवून, मागून एकाने धरून नेणे. पाय मुरगळला आहे, शुद्धीवर आहे, तर ठीक. मानेला किंवा पाठीला मार आहे, बेशुद्ध आहे, तर ही पद्धत माणसाला कायमचा लुळा करू शकते. काखेत हात घालून ओढणे तसेच. गाडीला आग लागणार असेल किंवा रस्त्यातून हलवणे भाग असेल तरच हलवा, तेही तिघा-चौघांनी मिळून, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून. पिकअपच्या हौद्यात सपाट झोपवून नेणे बाईकपेक्षा बरे. पिकअपवाल्याला हात करा, त्या रस्त्याचे पिकअपवाले थांबतात.

जखमी बाई असेल तर तरुण मुले बिचकतात. परकी स्त्री, हात कसा लावायचा. जवळ बाई असेल तर तिला पुढे बोलवा, सूचना तुम्ही द्या. नसेल तर थांबू नका. जीव धोक्यात असताना जरुरीपुरत्या स्पर्शाला मनाई नाही, हे आपल्या उलेमांनी पुष्कळदा सांगितले आहे. कपड्यांवरूनच दाबता येते, अंगावर ओढणी किंवा शाल टाकता येते.

दवाखान्यात

जवळचा दवाखाना म्हणजे वणीचे ग्रामीण रुग्णालय, कळवण बाजूला असाल तर तिथले उपजिल्हा रुग्णालय. यात्रेच्या काळात खासगी वाहने नांदुरीलाच थांबवतात, त्यामुळे घाटातून रुग्ण खाली आणताना बंदोबस्तावरच्या पोलिसांना गाठा, ते एसटी थांबवून वाट करून देऊ शकतात.

खासगी दवाखान्याने 'ही पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या' म्हटले तर? सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवले आहे की जीव वाचवणे आधी, कागद नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. त्या खटल्याच्या मुळाशी असलेली घटना आपल्या विषयातलीच आहे. एका गाडीने स्कूटरवाल्याला उडवले, एका वाटसरूने त्याला जवळच्या दवाखान्यात नेले, तिथल्या डॉक्टरांनी वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवले आणि तो रस्त्यातच गेला. त्याची बातमी वाचून एका कार्यकर्त्याने कोर्टाचे दार ठोठावले. तो वाटसरू कोण होता, हिंदू की मुसलमान, कुणी विचारले नाही.

मोटार अपघातातल्या जखमीसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ पासून लागू झाली आहे. योजनेतल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यातून होतो. भरतीच्या खिडकीवर या योजनेचे नाव तुम्ही घेतलेत तर नातेवाईक येईपर्यंतचा वेळ निघतो.

मदत करणाऱ्यासाठी बक्षीसही आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवून जीव वाचवणाऱ्याला ऑक्टोबर २०२१ पासून पाच हजार रुपये मिळत. २०२५ पासून ही रक्कम पंचवीस हजार झाली आणि योजनेला 'राहवीर' नाव मिळाले. एकाच जखमीला दोघा-तिघांनी वाचवले असेल तर रक्कम वाटून मिळते. पैशासाठी कुणी थांबत नाही आणि थांबूही नये. पण पोलिसांकडून किंवा दवाखान्याकडून मिळणारी पोचपावती मात्र जरूर मागून घ्या, बक्षिसाचा अर्ज करायचा नसला तरी. तारीख, वेळ, जागा आणि 'यांनी जखमीस आणले' एवढे लिहिलेला तो कागद फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा. पुढे कुणी काही बोलले तर तोच कागद बोलेल.

घरच्यांना कळवण्याचे काम बहुतेक वेळा आपल्यावरच येते. जखमीचा फोन लॉक असला तरी बऱ्याच मोबाइलवर 'इमर्जन्सी' दाबले की नातेवाइकांचा नंबर किंवा रक्तगट दिसतो. नाहीच दिसला तर फोन चालू ठेवून वाट बघा, कुणाचा तरी येतोच. बोलताना आधी दवाखान्याचे नाव आणि गाव सांगा, मग 'उपचार चालू आहेत, तुम्ही या'. माणूस गेला असेल तरी ते सांगणे डॉक्टरांचे काम आहे, तुमचे नाही. आणि निघण्याआधी त्याचा फोन, पाकीट, गळ्यातले, हातातले, जे काही असेल ते नर्सच्या किंवा पोलिसाच्या ताब्यात यादी करून द्या, यादीवर त्यांची सही घ्या.

त्याची बाईक मागे रस्त्यावरच पडलेली असते, आणि अपघात असेल तर पंचनाम्यापर्यंत ती हलवायची नसते. रहदारीला अडत असेल तर आधी फोटो काढा, मग बाजूला घ्या. अपघात नसेल, चक्कर किंवा फीट असेल, तर जवळच्या ढाब्यावर किंवा पंपावर उभी करून किल्ली मालकाकडे द्या, आणि त्या ढाब्याचे नाव घरच्यांना सांगायला विसरू नका.